पिशवीचं तोंड

दुष्काळात औशाजवळच्या एका गावात आम्ही कॅन्सरच्या संशोधनासाठी बायकांचे नमुने घेत होतो. "गर्भाशयमुखाची तपासणी," असं मी दारात उभं राहून सांगितलं. टँकरच्या रांगेत घागर ठेवून एक बाई तरातरा आत आली, खुर्चीत बसली आणि मिशरीनं काळे झालेले दात दाखवत तिनं मोठा आ केला.

"हे तोंड नाही, मावशी. गर्भाशयाचं."

ती पोट धरून हसली. "मंग पिशवीचं तोंड म्हना की! पर मला तर काई दुखंना."

"दुखायच्या आधीच तिथल्या पेशी काही खूण देतात का, तेच शोधतोय. खूण सापडली तर औषधाचा नेम कुठं धरायचा, तेही कळेल."

तिचे डोळे चमकले. "म्हंजी पिशवीलाच बोलतं करायलाव!" मग पदर चाळवत हळूच म्हणाली, "माझी जाऊ ह्याच दुखण्यानं गेली, पर मरंपर्यंत कुनाला बोलली न्हाई बघा."

नमुना देऊन ती बाहेर गेली आणि ओरडली, "घागरी ऱ्हाऊ द्या रांगेत, आत या समद्या!"

पुढं प्रयोगशाळेत पडद्यावर पहिली खूण उमटली, तेव्हा तिचं शास्त्रीय नाव आठवायच्या आधीच मी ओरडले, "बोलली!"