यादीत नसलेली पोर

आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी ती पोर डाळ मिलमध्ये डाळ निवडायची. काहीही सांगा, आधी हसायची, मग "चालस, अक्का" म्हणायची. अठरा पूर्ण झाल्यावर मतदार यादीत नाव घालायला तिने राहण्याचा पुरावा म्हणून माझं लाईट बिल मागितलं. सांगायला लाज वाटते, पण ही उद्या खोलीवर हक्क सांगेल या भीतीने मी "देते गं, देते" म्हणत राहिले, आणि मुदत संपली.

मतदानाच्या दिवशी माझे गुडघे धरलेले, तर तिनेच हात धरून मला केंद्रापर्यंत नेलं. मी बाहेर आले तशी हळूच म्हणाली, "मत कोनले दिधं ते सांगू नका, अक्का. बटन दाबल्यावर आवाज कसा येस, तेवढं सांगा."

मी रिक्षा येईपर्यंत पदराने चष्मा पुसत उभी राहिले.