अण्णांच्या फाइलमधली एक ओळ

तुमच्या चुकीपायी कुणाची नोकरी गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्याहून बेंगळुरूला आले, राजाजीनगरातल्या एका छोट्या कंपनीत. शेजारच्या टेबलावर अण्णा असत. तिथल्याच चामराजपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले, पन्नाशीचे, कारखान्यातली नोकरी सोडून आलेले. ग्राहकापुढचं प्रात्यक्षिक पार पडलं की कंपनी त्यांना कायम करणार होती.

कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, नेटवर्कचा कोड त्यांचा. तिथे एखादं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, प्रोग्रॅमच्या किती भागांनी धरून ठेवलंय याचा आकडा ठेवतात. तो शून्य झाला की त्या पॅकेटची मेमरी मोकळी होते. हा आकडा वाढवायला आणि कमी करायला अण्णांनी सी भाषेत मॅक्रो, म्हणजे एका नावामागे बांधलेले आदेश, लिहिले होते, एकात एक गुंतलेले. ते साफ करायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळ्यांदेखत अण्णांना सरंजामी म्हटलं. मॅक्रोमागे दडवलेलं ज्ञान म्हणजे सोवळ्यातली पोथी, असं भाषणच ठोकलं. चळवळीची पत्रकं वाटणाऱ्या घरात वाढले होते, तोंड चालायचं.

एका ठिकाणी आकडा दोनदा वाढवला होता. जादा समजून मी एक ओळ उडवायला घेतली.

"स्वल्प थांब गं," अण्णा त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. "ती टायमरसाठी आहे. पॅकेट पोचलं नाही तर तो ते पुन्हा पाठवतो."

"मग तसं लिहायचं होतं, अण्णा. तुमच्या डोक्यात कोण डोकावणार?"

बाकीचे हसले. ओळ गेली.

फाइल बदलली की माथ्यावर आपलं नाव घालायचं, असा आमच्याकडे रिवाज होता. मी घातलं नाही. काम सगळ्यांचं असतं, नाव मिरवायचं नसतं, हे माझं तत्त्व.

प्रात्यक्षिकात पॅकेट पुन्हा पाठवायची वेळ आली. टायमर ज्या पॅकेटकडे गेला, त्याची मेमरी केव्हाच मोकळी झाली होती. ग्राहकासमोर मशीन बंद पडलं. कोड कुणाचा हे आमचे साहेब माथ्यावरच्या नावावरूनच ठरवत. त्यांनी फाइल उघडली, तिथलं एकट्या अण्णांचं नाव वाचलं आणि त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ओळ मी उडवली हे मी सांगितलं नाही, आणि संध्याकाळी अण्णांचं टेबल रिकामं झालं. तत्त्व तेव्हा फार सोयीचं वाटलं.

वर्षभराने मी चामराजपेटेत त्यांच्या घरी गेले. ते आता एका दुकानात रेडिओ दुरुस्त करत होते. मी सगळं कबूल केलं. त्यांनी उंबऱ्यातूनच ऐकलं.

"मला त्याच दिवशी माहीत होतं," ते म्हणाले. "मला सांगून काय? तिथं सांगायचं होतंस."

दार लागलं. कंपनी तोवर बंद झाली होती.

तेव्हा एक करा. तुमची चूक कुणाच्या माथी आली असेल, तर माफी मागायला त्याच्या घरी जाऊ नका. ज्यांनी त्याला काढलं त्यांच्याकडे जा, आणि आजच जा.