लुओंगचा कौल

हनोईतल्या त्या बोळात थोआला विचारल्याशिवाय पान हलत नसे. कुणाच्या पत्र्याचं पाणी कुणाच्या दारात पडतं इथपासून कुणाच्या लग्नात किती कोंबड्या लागतील इथपर्यंत सगळं तिच्या दारातल्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर ठरायचं. बाई तोंडाने फटकळ, पण कुणाकडे मयत झाली की भाताचं पहिलं पातेलं तिच्याच घरून जायचं. जन्म सूतगिरणीत गेल्यामुळे तिला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. ती कानात काही सांगायला लागली की बोळाच्या टोकाचा न्हावीसुद्धा कात्री थांबवून ऐकायचा.

अशा बाईला तिच्या मुलाने, हुआनने, नदीपलीकडच्या मोक लान नगरात राहायला चल म्हटलं. काल-परवापर्यंत तिथे पेरूच्या बागा होत्या, आता बघावं तेव्हा नवी इमारत उभी. बँकेतल्या साहेब लोकांपासून परदेशातून परतलेल्यांपर्यंत सगळ्यांची तिकडेच रीघ लागली होती. हुआनने एकोणिसाव्या मजल्यावरचं एक घर बघून ठेवलं होतं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

हुआन थोरला मुलगा. थोरल्याच्या घरी पितरांचा देव्हारा, आणि देव्हारा जिथे तिथे आई. थोआ नाही म्हणाली तर हुआन, त्याची बायको दिएप आणि मुलगी तेप यांनाही या दीड खोलीतच दिवस काढायचे होते. तेप म्हणजे जवळा, बारीकशी कोळंबी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून हे नाव पडलं, ते दुसरीत गेली तरी चिकटून होतं. घरात टेबल मावत नव्हतं, म्हणून ती जिन्यावर बसून अभ्यास करायची आणि कुणी वर-खाली जायला निघालं की वह्या छातीशी धरून उभी राहायची.

सगळे जाऊन घर बघून आले होते. थोआने जागोजागी खोड काढली. तळं पाहून म्हणाली, हे खणलेलं आहे, यात बेडूक कुठला ओरडतोय. फाटकावरचा पहारेकरी सलाम करतो, पण जेवलात का म्हणून विचारत नाही. लिफ्टमध्ये भेटलेली शेजारीण भिंतीकडे बघत आली आणि भिंतीकडे बघतच उतरून गेली. पितरांना पोचावेत म्हणून कागदी कपडे जाळायचे तर तेही खाली उतरून, सगळ्या इमारतीच्या एकाच भट्टीत. म्हणजे आमच्या ह्यांचा सदरा कुणाच्या आजोबांच्या अंगावर चढेल कोण जाणे, असं ती परतताना बोलली आणि दिएपला हसू फुटलं. थोआने ते हसवायला म्हटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर ती घाबरली होती. तिथे तिला कुणी काही विचारणार नव्हतं. पण हे मुलाला सांगणं तिच्या जिवावर आलं आणि तिने सगळं घोंगडं मेलेल्या नवऱ्याच्या, लुओंगच्या गळ्यात टाकलं.

"तुझ्या बाबांना कौल लावू या," ती म्हणाली. "ते म्हणतील तसं."

शनिवारी पौर्णिमाच होती. कोंबडी उकडली, चिकट भात शिजवला, केळ्यांचा घड मांडला, उदबत्त्या लावल्या. कौलाची पितळी नाणी सासूच्या वेळची, दोन्हींच्या एका बाजूला चुना लावलेला. बशीत टाकल्यावर एक पांढरं आणि एक पितळी दिसलं की होकार, दोन्ही सारखी पडली की नकार. घरची मंडळी मागे हात जोडून उभी राहिली. थोआने मनातल्या मनात विचारलं आणि नाणी टाकली.

एक पांढरं, एक पितळी.

जिवंतपणी लुओंग कशालाही पहिल्या झटक्यात हो म्हणाला नव्हता. छत्री घ्यायची तरी पावसाळा संपेपर्यंत विचार करायचा. आणि आज, बायकोला बोळातून उपटून न्यायला निघालेत तर हा लगेच तयार. थोआचं डोकंच फिरलं. मागच्यांना बशी तिच्या पाठीआड दिसत नव्हती. तिने करंगळीने एक नाणं उलटवलं, मग बशी सगळ्यांना दाखवली.

"नाही म्हणाले."

हुआन नुसता "बरं" म्हणाला. उद्या फोन करून नको म्हणून कळवतो, एवढंच वर बोलला. दिएपने कोंबडी कापायला घेतली आणि मांडीचा तुकडा नेहमीसारखाच सासूच्या वाडग्यात घातला. कुणी वाद घातला असता तर थोआ भांडून मोकळी झाली असती. तो तुकडा वाडग्यात तसाच राहिला.

तेप रोज सकाळी आजोबांच्या फोटोपुढे हात जोडायची. रविवारी ती तशीच पुढे गेली आणि जिन्यावर जाऊन बसली.

"अगं, आजोबांना नमस्कार राहिला," थोआने आठवण केली.

"मी त्यांना आवडत नाही," वहीतून मान वर न करता तेप म्हणाली. "मला टेबल मिळालेलं त्यांना नकोय."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तूच की. काल."

ही पोर तान्ही असताना लुओंगच्या पोटावरच झोपायची, आणि ती उठेल म्हणून तो दुपारभर कूस बदलायचा नाही. पाय मुंग्या येऊन बधिर झाले तरी बायकोला खुणेनेच गप्प बस म्हणायचा. तो माणूस आज त्याच पोरीच्या नजरेतून उतरला होता, आणि उतरवलं होतं थोआने. तिला स्वतःची लाज वाटली.

दुपारी हुआनने फोन हातात घेतला तेव्हा ती देव्हाऱ्यापुढची बशी पुसत होती.

"थांब जरा. काल माझी चूक झाली. ह्यांना नव्या घराचा पत्ताच सांगायचा राहिला."

हुआन तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पितरांशी बोलायचं तर आधी आपलं नाव, मग पूर्ण पत्ता, हे बोळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आई विसरली?

"बरोबर आहे आईंचं," सासूकडे न बघता दिएप म्हणाली. "पत्ताच कळला नाही तर बाबा हो कसे म्हणतील?"

मग तिनेच पत्ता सांगितला आणि थोआने तो खड्या आवाजात म्हटला: मोक लान नगर, सातवी इमारत, एकोणिसावा मजला, लिफ्टमधून उतरून डावीकडचं दार. शेवटचं तिने मनाचं घातलं. नाणी बशीत खणखणली.

दोन्ही पांढरी.

आता काय म्हणावं या माणसाला! थोआने क्षणभर फोटोकडे डोळे वटारून पाहिलं. मग कालच्यासारखंच पाठीआड, त्याच करंगळीने एक नाणं पालथं केलं.

"हो म्हणाले," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला.

तेप जिन्यावरून धावत आली आणि आजोबांपुढे इतकी वाकली की कपाळ देव्हाऱ्याखालच्या कपाटावर आपटलं. हुआन फोन करायला बाहेर गेला, त्याच्या पाठोपाठ दिएपही. थोआने नवी उदबत्ती लावली आणि जन्मात पहिल्यांदा कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलली.

"रागावू नका. काल तुमचं मी ऐकलं नाही, आज माझं तुम्ही ऐकलं नाहीत. फिट्टंफाट झाली. पण पत्ता नीट लक्षात ठेवा, आणि या तिकडे. मला एकटीला तिथे करमायचं नाही."