श्रीवर्धनचे कुरव

शेजारी कुणी सुकट भाजली की मला श्रीवर्धनचा किनारा आठवतो. एकोणीसशे पंचविसाच्या सुमाराची नाताळची सुट्टी होती. माझी थोरली बहीण माई त्याच वर्षी, सतराव्या वर्षी, विधवा झाली होती. दुसऱ्या दिवशी दादा तिला सासरी पोचवणार होता आणि तिथे तिचं केशवपन ठरलं होतं. मी लहान, मला कुणी सांगितलं नव्हतं.

आभाळ मळकट होतं. आम्ही तिघं ओल्या वाळूतून चाललो होतो. पाण्याच्या कडेला कुरव पक्ष्यांचा मोठा थवा बसला होता.

“एवढे कुठून आले हे?” माईने मासळी वाळत घालणाऱ्या कोळणीला विचारलं.

“थंडीची पावनी हायत बाय. ऊन तापलं का जातात.”

माई क्षणभर उभी राहिली आणि एकदम थव्यात धावत सुटली. पक्षी कलकलत उडाले. तिचा पदर ढळला, अंबाडा सुटला, आणि कित्येक महिन्यांनी ती हसली.

मी तिच्यामागे निघाले, तर दादाने माझा हात धरला. “पळू दे तिला,” तो म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला. वाळू गेली असेल, असं मला वाटलं.

सकाळी त्यानेच तिला बैलगाडीत बसवलं.