टायरबाई

देवगडच्या पुळणीवर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांना त्या वर्षी एक नवंच दृश्य दिसू लागलं. आमच्या शाळेची पीटीची बाई कमरेला दोरखंड बांधून ट्रकचे दोन जुने टायर वाळूतून ओढत चालली आहे, दोन्ही हातांत काठ्या आहेत, आणि वाटेत भेटेल त्याची हसून चौकशीही करते आहे.

"बाई, खंय चल्लंस?" जाळं ओढणाऱ्या एकाने विचारलं.

"ग्रीनलँडाक!"

"चलत?"

"चलत नाय रे, घसरत!"

त्या दिवसापासून ती टायरबाई झाली. तिला हे नाव आवडायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने ते माईकवरून स्वतःच जाहीर केलं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायची आणि तिच्याच घरातल्या एका खोलीत भाड्याने राहायची. घरात ती आणि तिची आई. आई बंदरावर मासे विकायची आणि सगळं गाव तिला 'आये' म्हणायचं. टायरबाईचे वडील होडीवर जायचे. एकदा ते बंदरातच कोसळले. ॲम्ब्युलन्स नव्हती, म्हणून माशांच्या टेम्पोतून कणकवलीला न्यायला निघाले. तळेऱ्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. "बापसाक टेम्पोतसून न्हेलंय मी," एवढंच ती बोलायची आणि लगेच विषय बदलायची.

सुट्ट्यांमध्ये ती हिमाचलात जाऊन गिर्यारोहण आणि स्कीइंग शिकून आली होती. तिथल्या ओळखीतून तिला एका मोहिमेत जागा मिळाली. निरनिराळ्या देशांतल्या बायका ग्रीनलँडचं बर्फाचं पठार स्कीवरून आडवं पार करणार, सामान घसरगाडीवर लादून स्वतः ओढणार, आणि प्रत्येकीने आपल्या गावच्या एका कामासाठी निधी उभा करायचा. टायरबाईचं काम ठरलेलंच होतं. देवगडला ॲम्ब्युलन्स. तिच्या या वाटेसाठी सगळ्या गावाने वर्गणी दिली.

मुलं धावताना पाय दुखतात म्हणून कुरकुरली की ती म्हणायची, "दुखतोय ना? म्हणजे पाय अजून तुझाच आहे. चल!" मुलांनी हे वाक्य पाठ केलं होतं. परीक्षेचा पेपर अवघड गेला तरी ती हेच एकमेकांना ऐकवायची.

मे महिन्यात, सगळा गाव आंब्याच्या पेट्या भरण्यात बुडालेला असताना, तिचा ग्रीनलँडहून फोन आला. पठार अर्ध्याहून जास्त पार झालं होतं. मग सगळ्या जणी वादळात तंबूत अडकून पडल्या आणि तिच्या डाव्या पायाची बोटं काळी पडली. हेलिकॉप्टरने तिला दवाखान्यात आणलं. बाकीच्या पुढे गेल्या. "आधी खूप दुखत होतं गं," ती म्हणाली, "मग दुखायचं थांबलं, तेव्हा मी घाबरले." एक बोट कापावं लागलं.

परत आली ती मान खाली घालून. दोन दिवस घराबाहेर पडली नाही. लोकांनी पुऱ्या वाटेसाठी मदत दिली आणि मी अर्ध्यातून आले, हेच तिच्या डोक्यात. तिसऱ्या दिवशी आये मासे कापता कापता म्हणाली, "चेडवा, तुझो बापूस रोज काय होडी भरान येय? रिती होडी इली म्हणान मी कधी तेका उपाशी ठेवलंय? माणूस घराक इलो, बास झाला. ऊठ, जेव."

ती उठली, जेवली, आणि हात धुताना म्हणाली, "राहिलेली वाट मी इथेच चालणार."

पाय बरा झाल्यावर तिने पुन्हा टायर बांधले. पहिल्या संध्याकाळी ती एकटी होती. मग मुलं आली, मग मुलांचे बाप आले, कोळणी टोपल्या डोक्यावर घेऊन थोडं थोडं चालून गेल्या. मुख्याध्यापकांनी सायकलचा टायर ओढला, तोही धापा टाकत. ही गंमत बघायला आलेल्या एका आंबा व्यापाऱ्याने ॲम्ब्युलन्सला जे कमी पडत होतं ते सगळं भरलं.

गाडी आली. नारळ फुटला. टाळ्या वाजल्या. आये मागून आत चढली आणि बाकावर बसली. "माका कणकवलेक न्हे रे," तिने ड्रायव्हरला सांगितलं.

"आये, पेशंट कोण?"

"कोण नाय. तू चल."

आम्ही दोघीही चढलो. तळेरं आलं तसा आयेने लेकीचा हात घट्ट धरला. गाडी थांबली नाही. कणकवलीच्या दवाखान्याच्या फाटकात ती उतरली, आलेल्या रस्त्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "पोचलंव गो आमी." मग तिथेच मोठ्याने रडली. टायरबाईही रडली. थोड्या वेळाने डोळे पुसून आये म्हणाली, "आता इलंवच आसंव तर बाजार करून जाव्या."

पुढे हिमाचलातल्या एका गिर्यारोहण शाळेने टायरबाईला शिकवायला बोलावलं. आयेने तिला एकटी जाऊ दिलं नाही. कणकवलीच्या पलीकडे कधी न गेलेली ती बाई सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पिशवी काखेत मारून लेकीबरोबर गाडीत बसली. घराची किल्ली माझ्या हातात देताना टायरबाईने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकला.

पहिली बर्फवृष्टी झाली तेव्हा त्यांचा फोन आला. मागून टायरबाईचं हसणं ऐकू येत होतं आणि आये कळवळून सांगत होती, "मास्तरणी, काय सांगू तुका! दारात, परड्यात, छपरार, जंय बघशीत थंय बरफ. आणि तेच्यात एक बांगडो नाय गो!"