बंकटने मागे घेतलेली बावीस पानं

बंकटचं एक वर्ष माझ्यामुळे वाया गेलं, असं मी काल दुपारपर्यंत समजत होतो.

बंकट काल सकाळी गेला. हार्ट अटॅक. वय एक्केचाळीस.

आता काय समजायचं ते कळत नाही.

बीडला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. मी एम.ए. मराठी. तो एम.एस्सी., पर्यावरणशास्त्र. त्याचं गाव नेकनूरच्या पुढे. आई-वडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊस तोडायला जायचे.

ते टँकरचं वर्ष होतं. आंघोळ दोन दिवसांआड.

एका दुपारी तो झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर बसला.

"तू लिटरेचरवाला हाय ना बे?"

"हो."

"मग हे तुझं काम हाय. सरांनी लिटरेचर रिव्ह्यू मागितलाय. त्यातबी नॅरेटिव्ह."

त्याच्या लिटरेचरचा माझ्या लिटरेचरशी काही संबंध नव्हता. त्याचं लिटरेचर म्हणजे विहिरींच्या पाण्यावरचे रिसर्च पेपर. ते वाचायचे आणि कोणी काय म्हटलंय ते सलग, सांगितल्यासारखं लिहायचं.

मला त्यातला 'नॅरेटिव्ह' एवढाच शब्द ओळखीचा होता. तेवढ्यावर मी मास्तर झालो.

काही पेपर म्हणत होते, सहकारी कारखाने आले, ऊस वाढला, विहिरी आटल्या. काही म्हणत होते, इथला खडकच पाणी धरत नाही. काही नुसते पावसाबद्दल बोलत होते.

"कुणाचं खरं धरावं तेच कळंना," बंकट म्हणाला.

"ऊस धर. गोष्टीला एक बाजू लागते."

"पण तसं ठाम कुणीच म्हणलं न्हाई."

"तुझे आई-बाप उसाच्या फडात राबतात आणि तू उसाची बाजू घेतोस?"

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "लिही तुला काय लिहायचं ते."

मी मराठीत लिहायचो. मग दोघं डिक्शनरी घेऊन त्याचं इंग्रजी करायचो. बावीस पानं झाली.

चौथ्या पानावर एक वाक्य होतं. 'गावांनी थेंब थेंब जमवलं आणि उसाने ते एका हंगामात पिऊन टाकलं.'

मला ते वाक्य फार आवडलं होतं. अजूनही आवडतं. हे सांगताना लाज वाटते.

त्याचे गाईड खूश. "बंकट, एखादा रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचायची माझी ही पहिलीच वेळ रे!"

दसऱ्याच्या तोंडावर सेमिनार झाला. माझा विभाग नसताना मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. स्वतःचं कौतुक ऐकायला.

पहिल्या वर्षाची एक मुलगी उठली. "दादा, चौथ्या पानावरचं हे वाक्य कोणत्या पेपरमधलं आहे? रेफरन्स नंबर दिसत नाही."

आमच्या विभागात असा प्रश्न कोणी विचारला नसता.

बंकटने ते पान उलटलं. परत मागे आणलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"कुठल्याच न्हाई."

सर हसले. "राहिला असेल. टाक एखादा नंबर आणि पुढे चल."

"न्हाई सर. हे कुणीच म्हणलेलं न्हाई. मी मागं घेतो."

"वाक्य?"

"सगळंच."

त्याचं वर्ष गेलं. पंधरा दिवसांनी तो वडिलांबरोबर ऊस तोडायला निघाला. गादी गुंडाळत होता.

मी म्हणालो, "कावून जातोस बे? तेवढं वाक्य काढून दे की."

"लई वाक्यं हायती तशी," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी त्याने एकट्याने लिहिलं. अकरा पानं. कोण काय म्हणतो, कोणत्या विहिरी मोजून म्हणतो. शेवटी लिहिलं, यावर एकमत नाही. पास झाला. नंतर तलवाड्याकडे एका पाणी वापर संस्थेत विहिरी मोजायच्या कामाला लागला.

आम्ही लग्नाकार्यात भेटायचो. त्या सेमिनारबद्दल कधी बोललो नाही.

मी मात्र ती गोष्ट दरवर्षी वर्गात शिकवताना सांगतो. एका खोट्या वाक्यासाठी अख्खं वर्ष सोडणारा मुलगा. पोरं गप्प होऊन ऐकतात.

काल अंत्यविधीनंतर मी त्याच्या आईजवळ बसलो. राहवलं नाही.

"मावशी, त्या साली त्याला फडावर जावं लागलं ते माझ्यामुळं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुज्यामुळं कावून? माजी कंबर गेलती बाबा त्या साली. उठता येत नव्हतं. एकट्या माणसाला मुकादम घेत न्हाई, कोयत्याला जोडी लागती. तर बंकटच म्हणला, कॉलेज बंद हाय, मी येतो."

कॉलेज बंद नव्हतं.

"कंबर कधी गेली, मावशी?"

"पोळ्याच्या आदी."

सेमिनारच्या महिना-दीड महिना आधी.

म्हणजे त्याला तसंही जावंच लागणार होतं? मग त्या मुलीने विचारलं नसतं तर? तर तो बावीस पानं देऊन, पास होऊन गेला असता की तरीही उठला असता?

मी उसावरून बोललो, तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली आहे हे त्याला ठाऊक होतं का? ते दोन दिवस तो कशामुळे गप्प होता?

मला एक कारण सांगितलं. आईला दुसरं. कदाचित दोन्ही खरी असतील. कदाचित तिसरंच असेल.

रात्रीपासून या दोन्हींची एक गोष्ट करून बघतोय. होत नाही. जमेल तशी जुळवली की खोटी वाटते.

जूनमध्ये नवीन वर्ग येईल. त्यांना काय सांगू, माहीत नाही.

बंकट, तुला विचारायला हवं होतं. वेळ भरपूर होता.

मनात नेमकं काय दाटून आलंय, ते ठरवता येत नाही. तरी श्रद्धांजली, मित्रा.