सुनेच्या खोलीतला फोन

ती केस आठवली की आजही हसू आवरत नाही. साठच्या दशकात मी मुळशी भागात फौजदार होतो. फोनखात्याच्या लाइनमनकडच्या भेंडोळ्यातली वीस हात तार गायब झाल्याची फिर्याद आली. त्या खात्याच्या साहेबाचा संशय थेट लाइनमनवरच. तार सापडली नाही तर बिचाऱ्याची नोकरी जाणार होती.

मी त्याला ठाण्यात बसवला, चहा पाजला आणि तेच प्रश्न तीनदा विचारले. खोटं बोलणारा दर वेळी हकिकत थोडी सुधारून सांगतो. याची तिन्ही वेळा सारखीच.

"साहेब, गिरणीवाल्या आबांच्या ओट्यावर भेंडोळं ठेवून भाकरी खाल्ली. लेकराची आण, तार इकली न्हाई मी."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचं पटलं.

आबांची भाताची गिरण, म्हणून गावातला एकुलता एक फोन त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीत. त्यांची सून शिकलेली नर्स. मागच्या खोलीत ती दवाखाना चालवायची. एक्स्चेंजमध्ये मी सहज चौकशी केली, तर ऑपरेटर म्हणाला, "आधी आबा उचलायचे. आठ दिवस झाले, पहिल्या घंटेलाच सूनबाई बोलतात."

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन गेलो. परसात धुणं कुंपणावर वाळत होतं. सोप्यापासून मागच्या खोलीपर्यंत मात्र चांगली ताणलेली तार, आणि तिच्यावर चिंधीसुद्धा नाही. शेतकऱ्याच्या घरी अशी तार मोकळी राहील का? फोन थेट सुनेच्या खोलीत गेला होता.

"आबा, तार कुणी घेतली?"

"मीच. त्यो हात धुवाय गेला तवा तोडली."

"मागायची की."

"कशाला पायजे म्हनला असता, तर काय सांगू?" म्हातारा लाजून चूर झाला. "फोन येत्यात बाळंतपनाचे. सोप्यात मानसं बसल्याली, सून म्होरं येत न्हाई. मंग फोन करनारा समदं मला सांगनार आन ते मी सुनेला सांगायचं? सासऱ्यानं? मी आपलं म्हनायचो, कायतरी अडचण हाय म्हनं."

हवालदाराने तोंडावर टोपी धरली. मीही भिंतीकडे वळलो. मग जरा सावरून सांगितलं, "तुमच्यापायी त्या लाइनमनची नोकरी चालली आहे."

हे आबांना ठाऊकच नव्हतं.  लगेच स्वतः शिडी लावली, तार काढली आणि डोक्याला पागोटं बांधून माझ्याबरोबर निघाले. साहेबापुढे जबाब दिला, "चोर मी हाय, त्यो न्हाई." लाइनमनची नोकरी वाचली. आबांना कोर्टाने समज देऊन सोडलं.

महिन्याभराने गस्तीवर गेलो, तर आबा आणि त्यांच्या बैठकीतली माणसं बाहेर ओट्यावर उन्हात बसलेली. आत सोप्यात, आबांच्या गादीच्या जागी, सूनबाईंचं टेबल, औषधाच्या बाटल्या आणि फोन.

"फोन आत जाईना," आबा म्हणाले, "मंग आमीच भाईर आलो."

तेवढ्यात घंटा वाजली. सूनबाईंनी ऐकून घेतलं आणि चारचौघांदेखत हाक दिली, "मामंजी, गाडी जुंपा. अडलेली बाई हाय." आबा धोतर सावरत गोठ्याकडे पळाले. मला इतका आनंद झाला की मीही बैल धरायला गेलो.

त्या केसने मला माणूस शिकवला. चोरी करताना आबा कचरले नाहीत. रीत मोडायला मात्र दारात पोलीस यावे लागले.